रुग्णालयाला जागा, चार्जिंगला वीज: विकास आराखड्यात नागरिकांनी काय आणि कसं मागावं

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे बोलण्यातला 'डीपी', प्रसिद्ध झाला की पहिल्या आठवड्यात नगररचना विभागात गर्दी करतात ते ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलं आहे, म्हणजे जी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली आहे, ते लोक. त्यांचं चुकतं असं नाही, जमीन त्यांची आहे. पण त्या आरक्षणावर उद्या ज्यांचा दवाखाना उभा राहायचा आहे, ते मात्र फिरकत नाहीत. मग सुनावणीच्या दिवशी 'आरक्षण काढा' म्हणणारे वकील आणि वास्तुविशारद घेऊन येतात आणि 'आरक्षण ठेवा' म्हणायला कुणीच नसतं. समितीने तरी कुणाचं ऐकावं? हा लेख त्या दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी आहे: रहिवासी संघ, गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिक मंडळं, आणि एकटा हौशी माणूससुद्धा.

अलीकडच्या हरकतींमध्ये दोन मागण्या जोडीने येतात: आमच्या भागात सरकारी रुग्णालय हवं आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन हवं. एकाच कागदावर, एकाच सुरात लिहिल्या की दोन्ही फसतात. रुग्णालयाला सलग, मोठी, पूर न येणारी जमीन लागते आणि ती एकदा हातची गेली की शहरात पुन्हा मिळत नाही. चार्जिंगला वेगळी जमीन जवळजवळ लागतच नाही, गाडी जिथे उभी राहते तिथेच ते होतं. त्याचं घोडं अडतं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. म्हणून रुग्णालयासाठी आरक्षण मागायचं आणि चार्जिंगसाठी वाहनतळात जागा व वीजभार मागायचा. हे ध्यानात ठेवलं की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

पहिली पायरी: कुठल्या टप्प्यावर आहोत ते ओळखा

सगळा कारभार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने चालतो. महापालिका किंवा नगरपरिषद आधी आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो (कलम २५). त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात (कलम २६), नियोजन समिती सुनावणी घेते (कलम २८), सुधारलेला आराखडा राज्य सरकारकडे जातो (कलम ३०) आणि सरकार मंजुरी देतं (कलम ३१). वीस वर्षांतून किमान एकदा आराखड्याची फेरतपासणी व्हावी असं कलम ३८ सांगतं. म्हणजे ही संधी हुकली तर पुढची येईपर्यंत एक पिढी जाते.

बहुतेक लोक कलम २६च्या नोटिशीला जागे होतात. खरं तर विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होत असतानाच डोकवायला हवं. आज कुठे काय आहे हे त्या नकाशात चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मुंबईचा २०१५ सालचा प्रारूप आराखडा असाच अडकला. अस्तित्वातल्या वास्तू आणि सुविधा चुकीच्या दाखवल्याच्या तक्रारींचा पूर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

हरकतीची मुदत किती दिवसांची आहे ते नोटिशीतच छापलेलं असतं. वर्तमानपत्रातली बातमी वाचून दिवस मोजू नका. राजपत्रातल्या प्रसिद्धीची तारीख पाहा, मुदत तिच्यापासून धावते. माहिती अधिकाराच्या भरवशावरही राहू नका. दहा रुपयांचा अर्ज केला तर उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि तोवर खिडकी बंद झालेली असते. नोटिशीच्या काळात नकाशे आणि अहवाल कार्यालयात बघायला खुले असतात. प्रत्यक्ष जाऊन बघा, शुल्क भरून आपल्या भागाचा नकाशा आणि अहवालाची प्रत विकत घ्या. ज्या जागेबद्दल बोलायचं आहे तिचा भाग नकाशा आणि झोन दाखलाही (आराखड्यात ती जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारे कागद) घेऊन ठेवा.

दुसरी पायरी: नकाशा आणि अहवाल दोन्ही वाचा

लोक नकाशा बघतात, अहवाल बघत नाहीत. नकाशावर रंग आणि क्रमांक असतात, पण त्यामागचा हिशेब अहवालात असतो: आराखड्याच्या अखेरच्या वर्षी लोकसंख्या किती धरली, ती कोणत्या विभागात किती वाटली, आरोग्यासाठी किती क्षेत्र लागेल असं मानलं आणि प्रत्यक्षात किती दिलं. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा बहुधा याच तक्त्यात सापडेल. आराखडाच स्वतः म्हणत असेल की तुमच्या विभागात वीस वर्षांनी दोन लाख लोक असतील, आणि आरोग्यासाठी त्याने एकच छोटा भूखंड ठेवला असेल, तर बाहेरून एकही आकडा आणायची गरज नाही.

नकाशावर आधीच्या सुविधा आणि नवी आरक्षणं वेगळ्या खुणांनी दाखवलेली असतात. मुंबईच्या आराखड्यात अस्तित्वातल्या सुविधेचा संकेत 'डी'ने आणि प्रस्तावित आरक्षणाचा 'आर'ने सुरू होतो. तुमच्या शहराची खूणसूची कोपऱ्यात छापलेली असते, ती आधी वाचा. मग चालू असलेला प्रत्येक सरकारी दवाखाना, प्रसूतिगृह, आरोग्य केंद्र नकाशावर आहे का ते तपासा. नसेल तर ती पहिली हरकत. जुन्या आराखड्यात रुग्णालयासाठी असलेलं आरक्षण नव्यात गायब झालंय का, किंवा त्याचं नाव बदलून 'व्यापारी संकुल' झालंय का, हेही पाहा. जुना नकाशा शेजारी ठेवून गट नंबर किंवा सर्व्हे नंबर एकेक करून मिळवणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

तिसरी पायरी: रुग्णालयाची गरज त्यांच्याच मापाने मोजा

'आमच्या भागात रुग्णालय नाही' हे वाक्य समितीने हजारदा ऐकलेलं असतं. सरकारचंच माप लावून बोला. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०२२च्या आवृत्तीनुसार शहरात ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि अडीच लाखांमागे (महानगरांत पाच लाखांमागे) एक नागरी सामुदायिक आरोग्य केंद्र धरतात. ग्रामीण भागात सपाटीवर ५ हजारांमागे उपकेंद्र, ३० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, १ लाख २० हजारांमागे सामुदायिक केंद्र, म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार असे उतरतात. जमिनीचं माप केंद्राच्या २०१४ सालच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत आहे: ८० खाटांच्या रुग्णालयाला साधारण एक हेक्टर, ५०० खाटांच्या सामान्य रुग्णालयाला सहा हेक्टर, आणि असं एक सामान्य रुग्णालय अडीच लाख वस्तीमागे.

लोकसंख्येचा मुद्दा जरा सांभाळून मांडा. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अधिकृत आकडा म्हणून हाती आहे तो २०११चा. वाढत्या उपनगराला तो फारच तोकडा पडतो. तेव्हा पर्यायी पुरावे गोळा करा: प्रभागाची मतदारसंख्या, घरगुती वीजजोडण्या, दिलेले भोगवटा दाखले, पोलिओ मोहिमेत नोंदलेली बालकं, आशा आणि परिचारिकांच्या घरभेटींच्या नोंदी. शेवटचे दोन पुरावे मला सगळ्यात पटतात. आरोग्य विभागाच्याच वहीतले आकडे आरोग्य विभाग सहसा नाकारत नाही.

अंतर किलोमीटरमध्ये लिहिण्यापेक्षा वेळेत लिहा. रेल्वे फाटक, घाट, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पूल मध्ये असेल तर चार किलोमीटरला पाऊण तास लागतो. आणि कोणत्या कामासाठी जावं लागतं तेही लिहा: प्रसूती, डायलिसिस, सर्पदंश, अपघात. या चारांतलं तुमच्या भागाला जे लागू असेल तेवढंच घ्या.

चौथी पायरी: सुचवलेली जागा स्वतः तपासा

इथे थोडं थांबायला हवं, कारण आरक्षण मिळालं म्हणून आनंदणारे लोक जागा बघायला जात नाहीत. सार्वजनिक वास्तूंच्या वाट्याला बऱ्याचदा कुणालाच नको असलेला तुकडा येतो: ओढ्याकाठचा, स्मशानालगतचा, उच्चदाब वाहिनीखालचा, कचरा डेपोच्या वाऱ्यातला. गावोगाव उपकेंद्रं वस्तीबाहेर दिसतात त्याचं कारण बहुतेकदा एकच, तिथे जागा फुकट मिळाली. रात्री-अपरात्री एकटी बाई तिथवर जाईल का, हा प्रश्न बक्षीसपत्र करताना कुणी विचारत नाही.

पाणी आधी बघा. जलसंपदा विभागाने नद्यांच्या निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषा आखलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत तर रुग्णालय नकोच, आणि निळी-लाल यांच्या मधल्या पट्ट्यातही मी विरोध करेन, नियमात पळवाट असली तरी. जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणच्या कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि तिथल्या रुग्णांचा जीव गेला. इमारत कोरडी असली आणि जनरेटर पाण्यात असला तरी रुग्णालय बंदच पडतं. म्हणून जागेची तपासणी करताना वीज कुठून येणार, जनित्र किती उंचीवर बसणार आणि पोहोचण्याचा रस्ता पाण्याखाली जातो का, हे तिन्ही एकदम पाहा. पूररेषा आखलेली नसेल तर जुन्या पुराच्या खुणांचे फोटो आणि शेजारच्या चार-पाच रहिवाशांची सही असलेलं निवेदन जोडा.

मग रस्ता. अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाची गाडी समोरासमोर आल्या तर निघतील का, हे फूटपट्टीने मोजा. नकाशावरचा रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता यांत फरक असतो. नकाशावर १२ मीटर आणि प्रत्यक्षात अतिक्रमणांमुळे निम्माच, असं सर्रास दिसतं. दोन बाजूंनी प्रवेश असेल तर उत्तम. बस थांबा किती चालीवर आहे तेही लिहा, कारण सरकारी रुग्णालयात येणाऱ्यांतले बरेच जण बसनेच येतात.

जमिनीचे कागद: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मालक कोण, बोजा आहे का, न्यायालयात दावा आहे का. सरकारी किंवा पालिकेच्या मालकीची जागा मिळत असेल तर खासगी जागेचा आग्रह सोडा. खासगी जमिनीवरचं आरक्षण प्रत्यक्षात उतरायला जमिनीचा मोबदला लागतो, रोख किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काच्या) रूपात. अनेक नगरपरिषदांकडे रोख नसते आणि छोट्या गावात त्या हक्काला गिऱ्हाईक नसतं. 'समावेशक आरक्षणा'ची वाट निघू शकते, म्हणजे मालकाने काही भागावर सुविधा बांधून पालिकेला द्यायची आणि उरलेलं स्वतः विकसित करायचं. पण तळमजल्यावर दुकानं आणि वरच्या मजल्यावर दवाखाना अशा रचनेत रुग्णालय बसत नाही. छोटा दवाखाना बसतो. तेव्हा सूचनेत स्पष्ट लिहा: दवाखान्याला समावेशक आरक्षण चालेल, रुग्णालयाला स्वतंत्र भूखंडच हवा.

अगदी नवं आरक्षण मागण्यापेक्षा जवळच्या आरक्षणाचा हेतू बदलून मागणं सोपं जातं, हा अनुभवाचा भाग झाला. नवं आरक्षण म्हणजे नवा मालक दुखावला, नवी सुनावणी, कदाचित पुन्हा प्रसिद्धी. त्याऐवजी एकाच विभागात दोन वाहनतळ किंवा दोन बाजार आरक्षित असतील तर त्यातलं एक आरोग्यासाठी मागा. मैदान किंवा उद्यानाच्या जागेला मात्र हात लावू नका. त्या वाटेने गेलात तर पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी तुमच्या रुग्णालयाच्या जागेवर तोच न्याय लावेल.

पाचवी पायरी: चार्जिंग मागताना वीजभाराचं गणित मांडा

चार्जिंगबाबत सरकारी नियम बऱ्यापैकी अनुकूल आहेत, लोकांना ते माहीत नसतात एवढंच. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, म्हणून त्याला वीज परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २०३०पर्यंत शहरी भागात प्रत्येक १ किलोमीटर गुणिले १ किलोमीटरच्या चौकटीत किमान एक चार्जिंग स्टेशन असावं. महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरला एक, आणि ट्रक-बससारख्या जड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरला एक. महाराष्ट्राच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन (ईव्ही) धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरचं लक्ष्य आहे. १५० किलोवॉटपर्यंतच्या स्टेशनला लघुदाब जोडणी मिळू शकते. विजेचं जाळं वाढवायची गरज नसेल तर नवीन जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नागरी भागात ७, ग्रामीण भागात १५ आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस आहे.

'जाळं वाढवायची गरज नसेल तर' या अटीतच सगळी गोम आहे. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर साधारण ९० किलोवॉट देतो असं धरा. संध्याकाळी परिसराचा भार त्यावर ६० किलोवॉट असेल तर उरतात ३०. त्यात ३० किलोवॉटचा एक डीसी चार्जर बसतो, किंवा स्कूटर-रिक्षांसाठी ३.३ किलोवॉटचे नऊ पॉइंट. ६० किलोवॉटचे दोन जलद चार्जर मागितलेत तर ट्रान्सफॉर्मरच बदलावा लागेल, आणि तो उभा करायला जागा, खर्च, मंजुऱ्या आल्या. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात (मुंबईत तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडे) जाऊन जवळचा ट्रान्सफॉर्मर किती क्षमतेचा आणि त्यावर कमाल भार किती, एवढं लेखी विचारा. ही एक ओळ हाती असली की तुमची सूचना इतर शंभर सूचनांपेक्षा वेगळी दिसते.

चार्जर किती वेगाचा हवा हे गाडी किती वेळ थांबते त्यावर ठरवा. ३० युनिटच्या बॅटरीची कार २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला १८ युनिट लागतात. ३० किलोवॉटच्या चार्जरवर हे काम जेमतेम ३६ मिनिटांत होतं. भाजी मंडई, नाट्यगृह, रेल्वे स्टेशनचा वाहनतळ इथे लोक तास-दोन तास थांबतात, तिथे ७.४ किलोवॉटचे साधे एसी पॉइंटसुद्धा पुरतात आणि त्यांचा भारही हलका असतो. ६० किंवा १२० किलोवॉटचे जलद चार्जर महामार्गाला शोभतात. शहरातल्या आतल्या गल्लीत 'फास्ट चार्जिंग' मागणं म्हणजे उगाच मोठा भार ओढवून घेणं. महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांत इलेक्ट्रिक दुचाकी आणि तीनचाकी आधी येतात, कार मागून. तेव्हा दुचाकींचे पॉइंट आधी मागा.

सूचनेत तीन गोष्टी असाव्यात. प्रत्येक प्रस्तावित वाहनतळ आरक्षणाच्या विकासात चार्जिंगची सोय सक्तीची करा. प्रत्येक मोठ्या वाहनतळाजवळ वीज उपकेंद्र किंवा ट्रान्सफॉर्मरसाठी जागा राखून ठेवा (ही जागा सगळे विसरतात आणि मग तो डबा पदपथावर येऊन बसतो). आणि पालिकेच्या मालकीच्या वाहनतळांवर महसूल वाटणीच्या पद्धतीने निविदा काढा. केंद्राच्या सूचनांमध्ये सरकारी जागेसाठी युनिटमागे एक रुपयाच्या दराने अशी वाटणी सुचवलेली आहे, म्हणजे पालिकेला पदरमोड करायची नाही. केवळ चार्जिंगसाठी स्वतंत्र भूखंड आरक्षित करा असं मात्र लिहू नका. दहा वर्षांनी तंत्र कुठे असेल कुणी सांगावं, आणि शहरातला मोकळा भूखंड त्यासाठी अडकवणं मला परवडणारं वाटत नाही.

तुमच्या स्वतःच्या सोसायटीतल्या चार्जिंगचा प्रश्न डीपीत आणू नका. २०२४च्या वीज ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. तो अर्ज थेट वीज कंपनीकडे.

सहावी पायरी: रुग्णालयाच्या आवारात दोन्ही एकत्र आणा, पण अंतर राखून

सरकारी रुग्णालयाचा वाहनतळ ही चार्जिंगची नैसर्गिक जागा आहे. नातेवाईक तासन् तास थांबतात, रिक्षा दिवसभर बाहेर उभ्या असतात, कर्मचाऱ्यांच्या गाड्या आठ तास जागच्या हलत नाहीत. पंतप्रधान ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत आणि तिच्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी कार्यालयं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था अशा आवारांतील चार्जिंगला वीज-पायाभूत सोयी आणि चार्जर दोन्हींसाठी शंभर टक्के अनुदानाची तरतूद आहे. अट अशी की ती जागा सगळ्या लोकांना खुली हवी. अर्ज नागरिकाने करायचा नसतो, प्रस्ताव शासन यंत्रणेमार्फत जातो. तेव्हा तुमची सूचना 'पालिकेने असा प्रस्ताव पाठवावा' अशी हवी, आणि तिची एक प्रत आरोग्य अधिकाऱ्यांना.

काळजी घ्यायची ती अशी. चार्जरचं मीटर आणि शक्यतो ट्रान्सफॉर्मरही रुग्णालयापासून वेगळा असावा. रुग्णालयाच्या जनित्रावर चार्जरचा भार कधीच येता कामा नये. चार्जिंगच्या जागा अॅम्ब्युलन्सच्या वाटेपासून, ऑक्सिजनच्या टाकीपासून आणि आपत्कालीन दारापासून लांब असाव्यात. ट्रक आणि बसचं चार्जिंग रुग्णालयाला लागून नको: तिथे शंभर मीटरचं शांतता क्षेत्र असतं आणि रात्रीची अवजड ये-जा त्याला मारक आहे.

सातवी पायरी: सूचना लिहा

दोन मागण्या, दोन स्वतंत्र अर्ज. एकत्र लिहिल्या तर समिती एक मान्य करून दुसरी त्याच शेऱ्यात निकाली काढते. मजकूर एका पानात मावावा, बाकीचं सोबतच्या कागदांत. नमुना असा:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, … नगरपरिषद.
विषय: प्रारूप विकास योजनेवर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम २६ अन्वये सूचना.
संदर्भ: राजपत्रातील सूचना दिनांक …
महोदय, विभाग क्र. … मधील आरक्षण क्र. … (वाहनतळ), गट क्र. …, क्षेत्र … हेक्टर, याचा हेतू बदलून 'रुग्णालय' असा करावा, ही विनंती. कारणे: (१) योजनेच्या अहवालातील तक्ता क्र. … नुसार या विभागाची लोकसंख्या … धरली असून आरोग्यासाठी फक्त … हेक्टर क्षेत्र प्रस्तावित आहे. (२) सदर जागा नगरपरिषदेच्या मालकीची असून तिला … मीटर रुंदीचा रस्ता दोन बाजूंनी आहे. (३) जागा निळ्या व लाल पूररेषेच्या बाहेर आहे. (४) सर्वात जवळच्या शासकीय रुग्णालयास पोहोचण्यास … मिनिटे लागतात. सोबत: सातबारा, भाग नकाशा, छायाचित्रे, … रहिवाशांच्या सह्या. सुनावणीची संधी मिळावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. एक प्रत पोच शिक्का आणि आवक क्रमांकासह स्वतःकडे ठेवा. छापील मजकुराच्या हजार प्रती वाटून सह्या घेण्याची पद्धत आहे. तिचा दबाव पडतो, नाही असं नाही, पण सुनावणीत अशा सगळ्या प्रती एका गठ्ठ्यात बांधून एकच म्हणून ऐकल्या जाऊ शकतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३च्या आराखड्यावर ८० हजारांवर हरकती आल्या होत्या. त्या ढिगातून वर दिसायचं तर गट नंबर आणि नकाशा जोडलेला अर्ज हवा. एक भक्कम अर्ज संस्थेच्या नावाने, आणि चार-पाच वेगळ्या कोनातले व्यक्तींच्या नावाने: डॉक्टरचा, रिक्षा संघटनेचा, शाळेच्या मुख्याध्यापकांचा.

आठवी पायरी: सुनावणी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. तुम्हाला पाच मिनिटं मिळाली तर नशीब. म्हणून एक मोठा नकाशा, जागेवर लाल खूण, आणि पहिल्याच वाक्यात मागणी. आरोग्य विभागाचं किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचं एक ओळीचं पत्र सोबत असलं तर समितीचा सूर बदलतो. मालक समोर असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. 'मालकाला वेळेत मोबदला मिळावा' असं स्वतःहून म्हणा. तेच न्याय्य आहे, आणि त्याचा विरोधही थोडा निवळतो.

सुनावणी झाली म्हणजे संपलं नाही. समितीचा अहवाल, सभागृहाचा ठराव आणि सरकारकडे गेलेला नकाशा या तिन्हींत आपलं आरक्षण टिकलंय का ते दर वेळी बघा. पुण्याच्या याच आराखड्याचं काम २०१५ मध्ये राज्य सरकारने महापालिकेकडून काढून घेतलं आणि मंजुरी २०१७च्या जानेवारीत दिली. अशा वेळी पालिकेतली ओळख कामाला येत नाही, पोच असलेली प्रत येते. सरकारने मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात ती नोटीस येते आणि सगळी मेहनत तिथेच पाण्यात जाऊ शकते.

डीपी नसलेल्या गावात

वाट वेगळी आहे पण लांब नाही. ग्रामसभेचा ठराव करा. त्यात जागेचा गट नंबर आणि क्षेत्र लिहा, नुसतं 'गावात जागा उपलब्ध आहे' असं नको. प्रस्ताव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. चुकीच्या टेबलावर गेलेला ठराव वर्षभर तिथेच पडतो. जागा गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर गायरान देण्याबाबत शासन काटेकोर आहे, सार्वजनिक कामासाठी दुसरी जागा नाही हे दाखवावं लागतं. ते ठरावातच दाखवा. चार्जिंगसाठी ग्रामपंचायतीने एसटी थांब्याजवळची किंवा बाजाराच्या मैदानाची कडा दाखवली तरी पुरे.

मंजुरीनंतर: दहा वर्षांचा हिशेब

आरक्षण नकाशावर आलं आणि मंजूर झालं, तरी जमीन पालिकेची होत नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (ही मुदत २०१५च्या दुरुस्तीनंतरची) पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे पुसलं जातं. असं पुसलं गेल्याचं रहिवाशांना बहुधा तिथे इमारतीचा फलक लागल्यावर कळतं. शिवाय कलम ३७ खाली मधल्या काळात फेरबदलही होऊ शकतो, त्याचीही नोटीस आणि हरकतीची मुदत असते.

म्हणून दर वर्षी अंदाजपत्रकाच्या आधी, डिसेंबरच्या सुमारास, माहिती अधिकारात चार प्रश्न विचारा: आरक्षण क्रमांक अमुकच्या संपादनाचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे; त्यासाठी चालू अंदाजपत्रकात किती तरतूद केली; कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असल्यास तारीख आणि प्रत; कलम ३७ खाली या जागेबाबत कोणता प्रस्ताव प्रलंबित आहे का. नोटीस आलेली दिसली तर तिच्या तारखेपासून २४ महिने मोजा आणि उत्तराची प्रत जोडून त्याच आठवड्यात आयुक्त किंवा मुख्याधिकारी, नगरसेवक आणि आरोग्य अधिकारी या तिघांना लेखी पत्र द्या, पोच घेऊन.